डी बराकीची दारं

नेल ओस्टरहाउटनं गाडी तुरुंगाच्या आवारात वळवली, तेव्हा तिघे गार्ड मिळून एका माणसाला बडवत होते.

माणूस दोन गाड्यांच्या मधे, बर्फाच्या चिखलात गुडघ्यांवर होता. एकानं त्याच्या जॅकेटची कॉलर मागून धरली होती. दुसरा बरगड्यांत लाथा घालत होता. तिसरा वयानं मोठा, पांढऱ्या मिशांचा. तो कसलीही घाई नसल्यासारखा तोंडावर ठोसे मारत होता. एक ठोसा, मग थोडा दम, मग दुसरा. आणि दर ठोशाला एकच प्रश्न.

"कुणासाठी उघडलंस? बोल! कुणासाठी?"

 नेलचा तळहात हॉर्नवर गेला आणि तिथंच रुतून राहिला. तो आवाज थांबेना तेव्हा मिशावाल्यानं मान वर केली, तिच्या गाडीकडं पाहिलं, हात पँटला पुसले आणि तो इमारतीकडं चालू लागला. लाथा घालणारा जाता जाता तिच्या काचेवर थुंकला.

ती उतरून त्या माणसाजवळ गेली. त्याचा जबडा एका बाजूला सरकला होता. ओठांतून रक्त आणि लाळ एकदमच गळत होती.

"चला, दवाखान्यात सोडते."

"नको." त्यानं तिच्या गाडीच्या दारावरचं नाव वाचलं. "कुलपांच्या कंपनीच्या तुम्ही?"

"हो."

"मी टॉबिन स्क्रग्स." हे नाव नेलनं निघण्याआधी प्रकरणाच्या कागदांत दहादा तरी वाचलं होतं. तो शब्द चावत चावत बोलत होता. "मी बटण दाबलं नाही, बाई. दार आपलं आपण उघडलं. आईची शपथ घेतली, बायबलावर हात ठेवला, कुणी ऐकत नाही. आज नुसता गणवेश परत द्यायला आलो होतो."

एवढं बोलून तो आपल्या गाडीत बसला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

प्रकरण असं होतं. कॉर्विन काउंटीच्या या तुरुंगात, ओहायो नदीच्या काठावर, लेस्टर पिम नावाचा कैदी डी बराकीत ठेवला होता. तो एका खुनाचा साक्षीदार होता, म्हणून त्याची कोठडी कायम बंद असायची. जानेवारीत एका दुपारी बराकीची सगळी दारं एकाएकी सरकून उघडली. तिघे कैदी पिमच्या कोठडीत शिरले आणि घासून टोकदार केलेल्या पत्र्यांनी त्याला भोसकून बाहेर आले. गार्ड पोचेपर्यंत पिमचं रक्त कोठडीतून वाहत बाहेरच्या नाल्यापर्यंत आलं होतं. त्या वेळी दारांच्या बटणांपाशी टॉबिन बसला होता. बटण दाबल्याची नोंद ठेवायची सोय त्या यंत्रात नव्हती. मग खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार? पैसे खाऊन दार उघडलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. सरकारी वकिलानं आरोपपत्रही तयार केलं.

नेलच्या कंपनीचं सॉफ्टवेअर त्या दारांना नियंत्रण खोलीशी जोडत असे. काउंटीनं कंपनीला विचारलं, दार आपोआप उघडू शकतं का? कंपनीचा मालक ग्रेडी फेल्प्स नेलला म्हणाला होता, "जाऊन ये. एक नजर टाक आणि 'नाही उघडू शकत' असं लिहून दे. उगीच उकरत बसू नकोस."

"तपासल्याशिवाय कसं लिहून देऊ?"

"अगं, बारा वर्षं चालतंय ते!"

आत शिरल्यावर मिशावाला तिला दारातच भेटला. तो शिफ्टचा मुख्य होता, लेफ्टनंट वेन बर्डेट. त्याची बोटं सोललेली होती आणि त्यांवर कागदी रुमाल गुंडाळला होता.

"हॉर्न तुमचाच होता होय?"

"त्याचा जबडा मोडलाय," नेल म्हणाली.

"मोडू दे. पिमला या तुरुंगात मी आणलं होतं, मॅडम. त्याच्या बहिणीला मी शब्द दिला होता, त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही म्हणून. आणि टॉबिन कोण, ठाऊक आहे? त्याला नोकरी मी लावली. चौदा हिवाळे आम्ही एकत्र हरणं मारली. माझ्या पोरीच्या लग्नात तो भाषणाला उभा होता." त्यानं रुमाल घट्ट आवळला. "परक्यानं केलं असतं तर एवढं लागलं नसतं. तुमचं काय ते लिहा आणि मोकळ्या व्हा. कॉफी हवीय का?"

डी बराकीसमोर नियंत्रण खोली होती. तिला सगळे काचघर म्हणत, कारण तिची एक भिंत जाड काचेची होती आणि तीतून अख्खी बराक दिसे. खाली एक मजला, वर लोखंडी कठड्याचा दुसरा, दोन्हीकडं ओळीनं कोठड्या. काचघराला लागूनच दुरुस्तीची छोटी खोली होती. तिथं टेबलावर दारं चालवणारा एक जादा डबा आणि एक सुटं कुलूप ठेवलेलं होतं. नेलनं लॅपटॉप उघडला आणि ती कामाला लागली.

प्रत्येक बराकीत असा एक डबा असे आणि तो तारेनं काचघरातल्या संगणकाशी जोडलेला असे. जोडणी सुरू होताना संगणक डब्याला एक ओळ पाठवी. त्यात पत्ता असे, आणि पुढं काही सेटिंगं, हवी तर द्यायची, नाही तर सोडायची. किती वेळ वाट पाहायची, कितीदा पुन्हा हाक मारायची, आणि तार तुटली तर दारांनी काय करायचं. हे शेवटचं दिलं नाही तर दारं बंदच राहत. बाकीच्या बराकींच्या ओळीत ते सेटिंग नव्हतंच. शरद ऋतूत डी बराकीची डागडुजी झाली होती, तेव्हा कुणीतरी तिथं त्या सेटिंगचं नाव लिहून पुढची जागा रिकामी ठेवली होती.

वरकरणी त्यात काही वावगं नव्हतं. रिकामं म्हणजे नाही, कुणालाही असंच वाटेल. नेलनं मग ती ओळ वाचणारा भाग उघडला. फेल्प्सनं फार पूर्वी स्वतः लिहिलेला.  रिकामी जागा दिसली की प्रोग्रॅम तिथं शून्य धरत होता. आणि शून्याचा अर्थ होता, दारं मोकळी सोड. हा अर्थ वसतिगृहांसाठी ठेवला होता, आग लागली तर माणसं कोंडून मरू नयेत म्हणून.

तिनं डी बराकीची ओळ टेबलावरच्या डब्याला दिली. कुलूप लावलं. दांडा बाहेर आला आणि घट्ट बसला. मग तिनं तार ओढली.

खट्. दांडा आत गेला.

तिनं बी बराकीची ओळ देऊन तेच केलं. दांडा जागचा हलला नाही.

"लेफ्टनंट साहेब," तिनं हाक मारली. "जरा इकडं येता का?"

तिनं त्याला दोन्ही करून दाखवलं. बर्डेट वाकून पाहत राहिला.

"पुन्हा कर," तो म्हणाला.

तिनं पुन्हा केलं. खट्.

"त्या दिवशी वीज गेली होती का? क्षणभर तरी? तेवढ्यानंही जोडणी तुटते." तिनं विचारलं.

"छपरावर कामगार होते," काचघरातून क्लाइन म्हणाला. सकाळी टॉबिनची कॉलर त्यानंच धरली होती. आता तो बटणांपाशी बसला होता. "दिवे एकदा मिचमिचले होते, साहेब. मला आठवतंय."

"तू गप्प बस!" बर्डेटचा चेहरा लालबुंद झाला होता. मानेची शीर टरारून आली होती. "टेबलावर काय वाटेल ते होईल. खेळणं आहे ते. माझ्या बराकीतली दारं अशी उघडत नाहीत."

"साहेब, तिथं हाच डबा आहे."

"खोटं बोलतेस तू! टॉबिनच्या वकिलानं पढवून पाठवलंय तुला. बाहेर काय कुजबुजत होता तो तुझ्याशी?" एव्हाना त्यानं मॅडम आणि तुम्ही दोन्ही सोडलं होतं. "त्यानं बटण दाबलं. दाबलंच होतं त्यानं!"

तो ताडताड काचघरात गेला आणि भिंतीवरचं तारांचं कपाट त्यानं उघडलं. तो काय करणार हे नेलच्या ध्यानात आलं आणि ती धावली.

"साहेब, नको! आत माणसं आहेत! आधी बराक रिकामी करा, मग हवं तर..."

बर्डेटनं डी बराकीची तार मुठीत धरली आणि हिसडून काढली.

काचेपलीकडं बराकीची सगळी दारं एकदम सरकली.

जेवणाची वेळ होती. हॉइट, सकाळी लाथा घालणारा आणि गाडीच्या काचेवर थुंकणारा गार्ड, थाळ्यांची ढकलगाडी घेऊन बराकीच्या मधोमध उभा होता. त्याच्या हातात सँडविच होतं. त्यानं चहूकडं पाहिलं, मग काचेकडं पाहिलं.  कैदीसुद्धा क्षणभर दारांत नुसते उभे राहिले, कुणी थट्टा केली असावी तसे.

मग डेल्बर्ट क्वाइन बाहेर आला.

क्वाइन साडेसहा फुटी माणूस, पूर्वी नदीतून कोळसा वाहणाऱ्या बार्ज बोटीवर कामाला होता. हॉइटनं महिन्यापूर्वी त्याच्या डाव्या हाताची बोटं मुद्दाम दारात चिरडली होती आणि नंतर तो हसला होता. क्वाइननं घाई केली नाही. कोपऱ्यातल्या पोछ्याच्या बादलीचा लोखंडी दांडा त्यानं पिरगाळून उपटला. हॉइट ढकलगाडी आडवी घालून गेटाकडं पळाला, पण वाटेत दोघांनी त्याच्या पायांत पाय घातला. तो उठायच्या आत क्वाइनचा पहिला घाव बसला. तो आवाज काचेतून ऐकू आला नाही, पण नेलच्या दातांना जाणवला.

"हसतोस का आता? हस ना, भडव्या! हस!" क्वाइन ओरडत होता. छतावरच्या माइकमधून त्याचा आवाज फाटून येत होता.

त्यानंतर बराकीत माणूस माणसाला ओळखेनासा झाला. कुणी गार्डवर धावलं, कुणी एकमेकांवर. जुनी उट्टी निघाली. वरच्या मजल्यावर मार्विन टील नावाचा एक काटकुळा माणूस होता. तो गार्डांना आतल्या बातम्या देतो असा संशय होता. दोघांनी त्याला केसांना धरून बाहेर ओढलं. तो कठड्याला दोन्ही हातांनी बिलगला. त्यांनी थाळीच्या कडेनं त्याच्या बोटांवर हाणलं, पुन्हा पुन्हा, तो सोडेपर्यंत. मग उचलून खाली टाकला. तो पाठीवर पडला आणि हलला नाही. ज्यांनी टाकलं तेही कठड्यावरून वाकून पाहत राहिले, कुणीतरी दुसऱ्यानंच हे केल्यासारखे.

बर्डेटच्या हातात अजून ती तार होती.

"लावा ती परत!" नेल किंचाळली.

त्यानं लावली. दारं उघडीच राहिली. क्लाइननं बंद करायचं बटण दाबलं, एकदा, दहादा. काही झालं नाही.

"एकदा मोकळी सोडली की डबा त्याच अवस्थेत अडकतो," नेल म्हणाली. "जानेवारीत वीज परत येताच तो नव्यानं सुरू झाला, म्हणून दारं लागली; त्याची वीज इथून तोडता येत नाही. नवा प्रोग्रॅम द्यावा लागेल. मला थोडा वेळ द्या."

"वेळ?" बर्डेटनं काचेकडं बोट केलं. "तो मरतोय तिथं!"

बराकीचं बाहेरचं गेट तेवढं किल्लीचं होतं, म्हणून सगळं आतच राहिलं होतं. बर्डेटनं भिंतीवरची किल्ली आणि दंडुका घेतला. "क्लाइन, चल." ढाली घेतलेली कुमक यायची वाट न पाहता दोघं धावत सुटले. काचघराचं दार बाहेरून धडकन लागलं आणि नेल आत एकटी उरली.

तिनं लॅपटॉप बटणांपाशी आणला, ओढता येतील तितक्या लांब तारा ओढून.  तिनं तो वाचणारा भाग समोर घेतला. जागा रिकामी असेल तर ते सेटिंग दिलंच नाही असं समज. अनोळखी काही आलं तर अंदाज बांधू नकोस, जोडणी नाकार आणि बोंब मार. लिहायला ओळी मोजक्याच होत्या, पण एक अक्षर चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. ती मोठमोठ्यानं स्वतःलाच सांगत टाइप करत होती, बाळाला शिकवावं तसं.

काचेवर धाडकन काहीतरी आदळलं. क्वाइन होता. त्याचा चेहरा आणि छाती रक्तानं माखली होती. रक्त त्याचं नव्हतं. गार्डांनी गेट उघडायला घेतलंय हे पाहून तो इकडं वळला असावा. त्यानं दांडा दोन्ही हातांनी उगारला आणि पुन्हा हाणला. काचेत पांढरं जाळं उमटलं.

नवा प्रोग्रॅम तपासल्याशिवाय बराकीला द्यायचा नाही, एवढं तिनं ठरवलं. सकाळपासून जे झालं होतं ते न तपासलेल्या गोष्टींनीच झालं होतं. ती दुरुस्तीच्या खोलीत पळाली, टेबलावरच्या डब्याला तो दिला, कुलूप लावलं, तार ओढली. दांडा हलला नाही. ती ते सुटं कुलूप हातात घेऊनच परत आली, का घेतलं ते तिलाही कळलं नाही, आणि बराकीच्या डब्याला प्रोग्रॅम पाठवू लागली. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकायला लागली. गोगलगाय बरी.

काचेचा एक तुकडा आत उडाला. भोकातून क्वाइनचा हात आला, खांद्यापर्यंत, काचेच्या कडांवर स्वतःचं मांस सोलून घेत. त्यानं नेलचे केस मुठीत पकडले आणि ओढले. तिचं कपाळ काचेवर आपटलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"दारं बंद करायला बसवलंय तुला? बंद नाही होणार आज!" त्याचा श्वास तिच्या तोंडावर येत होता.

त्यानं पुन्हा आपटलं. भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. नेलच्या हातात लोखंडी कुलूप होतं. तिनं ते वर उचललं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. मूठ सुटेना. तिनं पुन्हा हाणलं, मग चिरडलेल्या त्याच बोटांवर, हाड मोडल्याचा आवाज येईपर्यंत. क्वाइन गुरासारखा ओरडला आणि हात मागं घेताना काचेनं तो कोपरापर्यंत फाडला. नेलच्या तोंडून कसला आवाज येत होता ते तिला कळत नव्हतं. क्वाइनचा हात मागं गेला तरी ती रिकाम्या काचेवर कुलूप हाणत होती.

पडद्यावर पट्टी भरली होती.

तिनं बाहीनं डोळा पुसला. एकच मोठं बटण दाबलं असतं तर सगळी दारं एकदम सरकली असती. पण खालच्या एका कोठडीच्या उंबऱ्यात माणूस पडला होता आणि हॉइटला कुणीतरी ओढत दुसऱ्या एका कोठडीत नेलं होतं. दार लागलं तर एकाची कंबर चिरडणार होती आणि दुसरा मारेकऱ्यांबरोबर कोंडला जाणार होता. म्हणून तिनं एकेक बटण दाबायला सुरुवात केली. कोठडीत पाहायचं, मग दाबायचं. दारं लागत गेली. कैदी घाबरून आपणहून आत पळू लागले, कारण गेटापाशी आता ढाली घेतलेले गार्ड जमत होते.

बर्डेट आत शिरला होता. त्यानं हॉइटला बगलेत धरून बाहेर ओढलं. हॉइटच्या चेहऱ्याचा डावा भाग जागेवर नव्हता. बर्डेटनं त्याला गेटाबाहेर क्लाइनच्या हाती दिलं आणि परत फिरला.

क्वाइन काचेखाली भिंतीला टेकून बसला होता. मोडका हात मांडीवर, दुसरा वर केलेला. दांडा त्यानं दूर सरकवला होता.

"झालं," तो म्हणाला. "झालं, साहेब. बसलो मी."

बर्डेटनं दंडुका त्याच्या कानशिलावर मारला. मग खांद्यावर. क्वाइन आडवा झाला तरी तो मारतच राहिला, सकाळसारखाच, एक घाव, थोडा दम, पुन्हा एक. ढाली घेऊन आलेले गार्ड उभे राहून पाहत होते. बंद दारांच्या फटींतून कैदीही पाहत होते.

नेलनं लाउडस्पीकरचा माइक ओढला. तिचा आवाज बराकीत घुमला.

"सोडा त्याला! साहेब, तो बसलाय! सोडा!"

बर्डेटनं ऐकलं नाही.

"दारं तुम्ही उघडलीत!" ती ओरडली. "त्यानं नाही, टॉबिननंही नाही! तार तुम्ही ओढलीत, मी नको म्हणत असताना! टॉबिननं काही केलं नव्हतं, आणि आता ते तुम्हालाही ठाऊक आहे!"

बराक चिडीचूप झाली. दंडुका वर गेलेला तसाच राहिला. बर्डेटनं वळून काचेच्या त्या जाळ्याकडं पाहिलं. त्याला ती दिसत असेल की नाही कोण जाणे. मग त्यानं दंडुका खाली टाकला आणि क्वाइनच्या शेजारीच, रक्ताच्या थारोळ्यात, फतकल मारून बसला. गार्डांनी येऊन त्याला काखेत हात घालून उठवलं तेव्हा तो लहान मुलासारखा त्यांच्याबरोबर गेला.

मार्विन टील मेला. त्याची मान मोडली होती. हॉइट वाचला, पण एक डोळा गेला आणि बोलताना शब्द शोधावे लागू लागले. क्वाइनचा हात कोपराखाली काढावा लागला. नेलच्या भुवईवर टाके पडले. ती दवाखान्याच्या खाटेवर बसली असतानाच फेल्प्सचा फोन आला.

"नेल, बरी आहेस ना? ऐक. तार त्या अधिकाऱ्यानं ओढली, बरोबर? तू अडवत होतीस, बरोबर? मग आपण सुटलो! माणसाची चूक. बाकी काही बोलू नकोस."

"पिम मेला तेव्हा तार कुणी ओढली होती, ग्रेडी?"

तिकडं खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

"रिकाम्या जागेचं तुला माहीत होतं का?" तिनं विचारलं.

"एकदा एका वसतिगृहातून तक्रार आली होती," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, कोण कशाला नाव लिहून जागा रिकामी सोडेल?"

नेलनं फोन बंद केला. राज्याचा तपास अधिकारी आला तेव्हा तिनं दोन्ही गोष्टी सांगितल्या, तारेची आणि शून्याची. कंपनीतली नोकरी आता राहणार नाही हे तिला तेव्हाच कळलं. पण जाण्याआधी, ज्या ज्या तुरुंगात ते सॉफ्टवेअर होतं, तिथं ती नवा प्रोग्रॅम बसवायला स्वतः गेली. एका ठिकाणचा तुरुंगाधिकारी म्हणाला, "बराक रिकामी कशाला करायची, बाई? पाच मिनिटांचं तर काम." तिनं त्याला भुवईवरची खूण दाखवली आणि कैदी बाहेर निघेपर्यंत लॅपटॉप उघडलाच नाही.

वसंतात कोर्टात सुनावणी झाली. बर्डेटला वकिलानं खूप पढवलं होतं, पण त्यानं पढवलेलं काहीच म्हटलं नाही. "तार मी ओढली," तो म्हणाला. "ती बाई सांगत होती ते खरं आहे हे मला टेबलावरच कळलं होतं. पण मी त्याचा जबडा मोडला होता. ते खरं निघालं असतं तर मी तोंड कुठं लपवणार होतो?"

टॉबिनवरचे आरोप मागं घेतले गेले. सुट्टीत कॉरिडॉरमधे बर्डेट त्याच्यासमोर आला आणि हात पुढं केला. टॉबिनच्या जबड्यात हाड जुळवायला घातलेल्या तारा अजून होत्या. त्यानं त्या हाताकडं बराच वेळ पाहिलं, मग तो बाजूनं निघून गेला. पुढं तो केंटकीला भावाकडं राहायला गेला म्हणे.

नेल जिन्यापाशी पोचली तेव्हा एक ठेंगणी बाई तिच्यासमोर आली. अंगात सुपरमार्केटचा निळा डगला, कामावरून तशीच आलेली. ती रोवीना पिम होती, लेस्टरची बहीण.

"तुम्हीच ना त्या? मला एका वाक्यात सांगा, माझा भाऊ कशानं मेला. वकिलांचं नको. तुमच्या तोंडून."

नेल म्हणाली, "एक जागा रिकामी राहिली होती. रिकामी असली तर काय करायचं, ते आमच्या प्रोग्रॅमला नीट शिकवलेलं नव्हतं. त्यानं दार उघडलं."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"आणि दुरुस्त करायला किती ओळी लागल्या?"

"थोड्याच."

रोवीनानं खाडकन तिच्या कानाखाली मारली. जिन्यावरचे लोक थबकले. बाजूचा शिपाई पुढं आला, नेलनं त्याला हातानंच थांबवलं. गाल पेटल्यासारखा झाला होता. रोवीना आपल्याच तळहाताकडं पाहत उभी राहिली.

"माझी बस सुटलीय," ती म्हणाली. "पुढची संध्याकाळी आहे. नदीपलीकडं राहते मी. सोडाल का?"

"सोडते ना," नेल म्हणाली. "गाडी मागच्या बाजूला आहे."